वृत्तविद्येची पदवी : आपल्या मुलांनी घ्यावी काय?



शेती, शिक्षकी, परिचारिकेचे काम, रेल्वे, सैन्य आणि आगबोटीवरील नोकरी, मुलांच्या भवितव्याचा विचार करताना आपल्या कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या याच वाटा डोळ्यांपुढे ठेवल्या. त्या वाटांनी गेलेली माणसे गावात होती, त्यांना विचारता येत होते. अलीकडे मात्र बारावी उत्तीर्ण झालेली मुलगी घरी येऊन म्हणते, “बाबा, मला मास कम्युनिकेशनला जायचे आहे,” आणि घर क्षणभर गप्प होते. बापाला त्या शब्दाचा नीट बोध होत नाही. आईला वाटते, आता आपली लेक दूरचित्रवाणीवर दिसणार. आजी तेवढी विचारते, “अगं, पण ह्यात पगार कोण देतो?”

आजीचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. हा अभ्यासक्रम म्हणजे नेमके काय, तो कोठे शिकवितात, त्यातून कोणती कामे मिळतात, आणि तो कोणी घेऊ नये, या चार गोष्टींचा उलगडा झाल्याखेरीज आईबापांनी होकारही देऊ नये आणि नकारही देऊ नये, असे आमचे मत आहे. म्हणून आजचे हे सदर त्या विषयाला वाहिले आहे.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की वृत्तपत्रे आधी जन्मली आणि त्यांचे शिक्षण फार मागाहून आले. आपल्या देशातील पहिला छापखाना १५५६ साली गोव्यात, सेंट पॉल महाविद्यालयात सुरू झाला. मराठीचे पहिले नियतकालिक ‘दर्पण’ हे बाळशास्त्री जांभेकर यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत काढले आणि त्यात एका बाजूस मराठी व एका बाजूस इंग्रजी मजकूर दिला. बाळशास्त्री विद्वान होते. परंतु संपादक कसे व्हावे हे शिकविणारी शाळा त्या काळी जगात कोठेच नव्हती. अमेरिकेतील मिसुरी विद्यापीठाने वृत्तपत्रविद्येचे स्वतंत्र विद्यालय उघडले ते १९०८ साली. अखंड हिंदुस्थानात लाहोरच्या पंजाब विद्यापीठात १९४१ साली असे वर्ग सुरू झाले. पुढे १९५२ मध्ये नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात, १९५४ मध्ये हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात आणि १९६४ मध्ये पुणे विद्यापीठात हा विषय आला. केंद्र सरकारने १९६५ साली दिल्लीत भारतीय जनसंचार संस्था स्थापन केली. २०२४ पासून तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा आहे. तेव्हा ‘हे काहीतरी कालपरवाचे खूळ आहे’ असे म्हणण्यास आधार नाही.

आता तेथे शिकवितात काय? वृत्तविद्येच्या विद्यार्थ्याला पहिल्याच आठवड्यात सहा ‘क’ सांगतात : कोण, काय, कधी, कोठे, का आणि कसे. हे सहाही प्रश्न आपल्या भाषेत एकाच अक्षराने सुरू होतात, त्यामुळे लक्षात राहण्यास सोपे आहेत. पण ते विचारण्यास सोपे नाहीत. समजा, गावच्या नळाला चार दिवस पाणी नाही. चावडीवर कोणी म्हणतो की पंप बिघडला. कोणी म्हणतो की सरपंचाने वरच्या आळीला पाणी वळविले. भ्रमणध्वनीवर कोणी लिहून पाठवितो की पाण्यात विष आहे. शिकलेला वार्ताहर यांपैकी एकही गोष्ट तशीच लिहीत नाही. तो टाकीपाशी जातो, पाणी सोडणाऱ्या माणसाला भेटतो, ग्रामपंचायतीची नोंदवही मागतो, वरच्या आणि खालच्या दोन्ही आळ्यांतील बायकांना विचारतो, सरपंचाचेही म्हणणे ऐकून घेतो आणि मगच लेखणी उचलतो. यांतील प्रत्येक पायरीची तालीम विद्यापीठात देतात.

याखेरीज कायद्याचा अभ्यास असतो. बदनामी कशास म्हणतात, न्यायालयाचा अवमान केव्हा होतो, अत्याचाराला बळी पडलेल्या स्त्रीचे नाव छापणे गुन्हा का आहे, माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा कसा वापरावा, हे सारे त्यात येते. छायाचित्रण, ध्वनिमुद्रण, चित्रफितीची काटछाट व जोडणी, आकाशवाणीसाठी लेखन, जाहिरात, जनसंपर्क, लोकमताची पाहणी हे विषय असतात. शेवटी एखाद्या वृत्तपत्रात किंवा वाहिनीत काही आठवडे उमेदवारी करावी लागते. ज्या संस्थेत ही उमेदवारी नावापुरती असते, तेथील पदवीही नावापुरतीच समजावी.

आपल्या वाचकांची वस्ती अनेक प्रांतांत विखुरलेली आहे, म्हणून काही ठिकाणे सांगतो. इंदूरच्या देवी अहिल्या विद्यापीठात वृत्तविद्येचा स्वतंत्र विभाग आहे. ग्वाल्हेरकडील मुलांना भोपाळचे माखनलाल चतुर्वेदी राष्ट्रीय पत्रकारिता व संचार विद्यापीठ फार दूर नाही. मध्य प्रदेश सरकारच्या १९९० च्या कायद्याने ते उभे राहिले आणि ते याच विषयाला वाहिलेले आहे. वडोदऱ्यास महाराजा सयाजीराव विद्यापीठात पत्रकारिता व संज्ञापनाची विद्याशाखा आहे. हैदराबादेस उस्मानियाचा जुना विभाग आहे आणि केंद्रीय विद्यापीठातही हा विषय शिकवितात. बेळगावकडील विद्यार्थ्यांना धारवाडचे कर्नाटक विद्यापीठ जवळ पडते. भारतीय जनसंचार संस्थेचे एक केंद्र अमरावतीस असून तेथे मराठी पत्रकारितेची पदव्युत्तर पदविका मिळते. मराठीत लिहू इच्छिणाऱ्या बाहेरच्या प्रांतातील मुलांनी तिची अवश्य चौकशी करावी. ज्यांना चित्रपटाची कला शिकावयाची आहे, त्यांच्यासाठी पुण्याची फिल्म संस्था १९६० पासून आहे; पण तेथे जागा थोड्या आणि स्पर्धा मोठी. मुंबईस येशूसंघीयांनी १९६९ साली स्थापिलेली झेवियर इन्स्टिट्यूट ऑफ कम्युनिकेशन्स आहे. घर सोडणे ज्यांना शक्य नाही, त्यांना इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठातून हाच विषय घरबसल्या शिकता येतो.

येथे एक गोष्ट आईबापांनी नीट समजून घ्यावी, कारण पैशाचा सारा हिशेब तिच्यावर अवलंबून आहे. वर सांगितलेल्या सरकारी विभागांपैकी बहुतेकांची खरी प्रतिष्ठा पदवीनंतरच्या अभ्यासक्रमात आहे, आणि त्यासाठी कोणत्याही विषयाची पदवी चालते. म्हणजे अठराव्या वर्षीच दूरच्या शहरात, महागड्या खासगी संस्थेत मुलाला धाडण्याची गरज नाही. मुलाने आधी जवळच्या महाविद्यालयात इतिहास, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, भाषा, शेतकी किंवा विज्ञान यांपैकी एका विषयाची पदवी घ्यावी आणि मग वृत्तविद्येकडे वळावे. अर्थशास्त्र शिकलेला वार्ताहर अंदाजपत्रक वाचू शकतो. शेतकी शिकलेल्याला पिकावरील रोगाची बातमी देताना दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही. ज्याने केवळ वृत्तविद्या शिकली, त्याला लिहिण्याची रीत कळते. परंतु कशाविषयी लिहावे याचे भांडवल त्याला पुष्कळदा बाहेरून उसने आणावे लागते. शिवाय त्या तीन-चार वर्षांत मुलाची ओढ खरी की क्षणिक, हेही घराला कळून चुकते.

आता आजीच्या प्रश्नाकडे येऊ. पगार कोण देतो?

वृत्तपत्रात वार्ताहर आणि उपसंपादक असतात. वार्ताहर बातमी आणतो. उपसंपादक ती तपासतो, आटोपशीर करतो, तिला मथळा देतो. आकाशवाणी व दूरदर्शनवर निवेदक, कार्यक्रम निर्माते, ध्वनितंत्रज्ञ व छायाचित्रकार लागतात. आकाशवाणीची कित्येक केंद्रे नैमित्तिक उद्घोषकांनाही बोलावितात आणि नव्या मुलांसाठी ती चांगली पहिली पायरी ठरते. जाहिरात कंपन्यांत मजकूर लिहिणारे असतात. रुग्णालये, कारखाने, बँका व विद्यापीठे जनसंपर्क अधिकारी नेमतात. भारतीय माहिती सेवेत संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेतून जाता येते; त्या परीक्षेस कोणताही पदवीधर बसू शकतो. पदव्युत्तर पदवीनंतर नेट परीक्षा देऊन प्राध्यापकी करता येते. आरोग्य, शेती व शिक्षण या क्षेत्रांतील सेवाभावी संस्थांना गावकऱ्यांशी गावकऱ्यांच्या भाषेत बोलू शकणारी माणसे हवी असतात. इंटरनेटवरून दाखविल्या जाणाऱ्या चित्रपटांना व मालिकांना अनेक भाषांतील अनुवाद, संवाद आणि आवाज लागतात. हे काम आज बरेच वाढले आहे.

यादी लांब आहे खरी, तथापि तिच्यामागील कटू भागही सांगितलाच पाहिजे. डॉक्टर किंवा वकील होण्यासाठी पदवी व नोंदणी ही कायद्याची अट आहे. पत्रकार होण्यासाठी आपल्या देशात अशी कोणतीही अट नाही. त्यामुळे ही पदवी म्हणजे नोकरीचा परवाना नव्हे. प्रारंभीचा पगार पुष्कळदा तुटपुंजा असतो आणि छोट्या गावच्या वार्ताहराला तर बातमीमागे मिळणाऱ्या मोबदल्यावर किंवा जाहिराती मिळवून मिळणाऱ्या दलालीवर भागवावे लागते. २०२० च्या महामारीत अनेक वृत्तपत्रांनी आवृत्त्या बंद केल्या, पगार कापले, माणसे कमी केली. आता तर साधी बातमी लिहिणे, भाषांतर करणे, आवाज देणे ही कामे संगणकाची कृत्रिम बुद्धिमत्ताही करू लागली आहे. ज्याला केवळ आलेले पत्रक उतरवून काढता येते, त्याची जागा यंत्र घेईल, हे उघड आहे. टाकीपाशी जाऊन नोंदवही मागणे आणि खालच्या आळीतील बाईने दार उघडून खरे सांगावे इतका विश्वास मिळविणे, हे मात्र यंत्राला साधलेले नाही. मुलाला जे शिकवावयाचे ते हे.

आणि येथेच महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्या कुटुंबांजवळ एक ठेव आहे, जिची किंमत आपण ओळखत नाही. इंदूरचे मूल घरी मराठी, शाळेत हिंदी बोलते. बेळगावचे मूल मराठी व कन्नड, वडोदऱ्याचे मराठी व गुजराती, हैदराबादचे मराठी, तेलुगू व दखनी, गोव्याचे कोंकणी, मराठी व इंग्रजी ऐकतच वाढते. पुष्कळ आईबापांना ही अडचण वाटते. मुलाची एकही भाषा धड होत नाही, अशी त्यांची तक्रार असते. परंतु इतिहास काय सांगतो? हिंदी वृत्तपत्रसृष्टीचे एक आधारस्तंभ बाबूराव विष्णू पराडकर हे वाराणसीच्या मराठी घरातले. १९२० साली निघालेल्या ‘आज’ दैनिकाला त्यांनी नाव मिळवून दिले. माधवराव सप्रे यांचा जन्म दमोह जिल्ह्यातल्या मराठी कुटुंबातला. त्यांनी १९०० साली पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले, आणि आज भोपाळला जुन्या वृत्तपत्रांचे संग्रहालय त्यांच्या नावाने उभे आहे. इंदूरच्या ‘नई दुनिया’ला, जे १९४७ साली सुरू झाले, मोठेपण देणाऱ्या संपादकांत राहुल बारपुते हे मराठी नाव अग्रभागी आहे. या तिघांनी परभाषेत कीर्ती मिळविली, कारण दोन भाषांच्या सीमेवर वाढल्यामुळे शब्द पारखून घेण्याची सवय त्यांना घरातूनच लागली होती, असे आम्हांला वाटते.

आपल्या पूर्वजांच्या इतिहासातही असे उदाहरण आहे. १५७९ साली गोव्यास आलेले इंग्रज फादर थॉमस स्टीफन्स यांनी लोकांची भाषा आत्मसात केली आणि अकरा हजारांच्या आसपास मराठी ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रचले. १६१६ साली रायतूर येथे ते रोमन अक्षरांत छापले गेले. परका मनुष्य लोकांशी बोलू इच्छितो तेव्हा त्याने किती कष्ट घ्यावेत, याचा तो दाखला आहे. मग ज्यांना ही भाषा आईच्या मांडीवर मिळाली, त्यांनी ती शुद्ध लिहिण्यापुरतेही कष्ट घेऊ नयेत काय? वृत्तविद्येकडे जाणाऱ्या मुलाने मराठी, प्रांताची भाषा आणि इंग्रजी या तिन्हींत निर्दोष एक पान लिहिता येईल इतकी तयारी करावी. अशी माणसे थोडी आहेत, आणि त्यांना काम देणारे पुष्कळ आहेत.

पदवीवाचूनही या क्षेत्रात काय घडू शकते, याचेही एक उदाहरण देतो, म्हणजे पदवीचा अवास्तव बडेजाव राहणार नाही. तेलंगणात झहीराबादजवळ ‘संगम रेडिओ’ नावाचे छोटे नभोवाणी केंद्र १५ ऑक्टोबर २००८ रोजी सुरू झाले. सामाजिक संस्थांना असे केंद्र चालविण्याची मुभा सरकारने २००६ साली दिली होती. डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी या संस्थेच्या आधाराने तेथील खेड्यांतल्या दलित स्त्रिया हे केंद्र चालवू लागल्या; ध्वनिमुद्रण, जोडणी, निवेदन त्यांनी स्वतः शिकून घेतले आणि बियाणे, भरड धान्ये, औषधी वनस्पती व गाणी यांवर आपल्याच बोलीत कार्यक्रम केले. विद्यापीठात जाऊन आलेल्या आपल्या मुलामुलींनी उद्या गावाकडे वळून असे काही केले, तर त्या शिक्षणाचा खर्च गावालाही फेडल्यासारखे होईल.

मुलींविषयी दोन शब्द वेगळे लिहितो. रात्रपाळी, परगाव, अनोळखी लोकांत वावर, या भीतीने मुलीला अडविणारे आईबाप आम्ही पाहतो. त्यांची भीती खोटी नाही. परंतु हीच मुलगी परिचारिका झाली असती, तर रात्रपाळीस आपण तिला आनंदाने धाडली असती. दहा किंवा अधिक माणसे काम करतात अशा प्रत्येक ठिकाणी स्त्रियांच्या तक्रारींसाठी समिती असणे २०१३ च्या कायद्याने बंधनकारक आहे. मुलीने नोकरी धरताना ती समिती आहे काय, हे निःसंकोच विचारावे. शिवाय उपसंपादन, अनुवाद, नभोवाणी, अध्यापन अशी कामे स्वभावाप्रमाणे निवडता येतात. भीतीचा उपाय चौकशीत आहे.

आता फसवणुकीविषयी सावधगिरी. चकचकीत माहितीपत्रक, त्यावर प्रसिद्ध निवेदकांचे फोटो आणि ‘शंभर टक्के नोकरी’ असे अभिवचन दिसले की तेथेच थांबावे. समजा, एका घरी दोन एकर जमीन आहे आणि त्यांतील एक एकर विकून अशा संस्थेचे शुल्क भरण्याचा विचार चालला आहे. त्या बापाने सही करण्यापूर्वी पाच प्रश्न विचारावेत. संस्था किंवा तिला संलग्न करणारे विद्यापीठ विद्यापीठ अनुदान आयोगाच्या यादीत आहे काय? आयोग बनावट विद्यापीठांचीही यादी प्रसिद्ध करतो, तीही पाहावी. शिकविणारे अध्यापक कायमचे आहेत, की येऊन-जाऊन? उमेदवारी कोठे व किती आठवड्यांची असते? गेल्या दोन वर्षांत बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांपैकी दोघांचे फोन क्रमांक मिळतील काय? आणि पहिल्या वर्षाखेरीज मुलाने सोडले, तर पैसे परत मिळतात काय? या पाचांची सरळ उत्तरे न देणारी संस्था लोकांना सत्य सांगण्याचे शिक्षण देईल, यावर विश्वास ठेवू नये. जमीन तर मुळीच विकू नये; वर सांगितलेला सरकारी विद्यापीठाचा मार्ग तिच्यावाचूनही चालता येतो.

प्रवेशापूर्वी घरातच एक परीक्षा घ्यावी, असे आम्ही सुचवितो. तिला पैसा लागत नाही. मुलाने तीन महिने रोज एक मराठी व एक इंग्रजी वृत्तपत्र वाचावे. आठवड्यातून एकदा गावातील एका खऱ्या घटनेवर दोनशे शब्द लिहावेत. ग्रामसभा, दूधसंस्था, शाळेची गळकी खोली, रेशनचे दुकान, विषयांना तोटा नाही. लिहिण्यापूर्वी किमान तीन माणसांना भेटावे, त्यांत एक तरी विरुद्ध मताचा असावा. ते लिखाण आजोबांना वाचून दाखवावे. आजोबांना जे कळले नाही ते पुन्हा लिहावे. बारा आठवडे पुरे झाल्यावर मुलाचा उत्साह टिकला असेल, तर आईबापांनी खुशाल पाठिंबा द्यावा. तिसऱ्या आठवड्यातच वही कोपऱ्यात पडली, तर त्याला कॅमेऱ्यासमोर उभे राहण्याची हौस होती, एवढेच समजावे. त्याबद्दल रागावू नये, पण त्यासाठी कर्जही काढू नये.

व्हॅटिकन महासभेने ४ डिसेंबर १९६३ रोजी संपर्कसाधनांविषयीचा आपला आदेश प्रसिद्ध केला, तेव्हा या साधनांसाठी सुशिक्षित माणसे तयार करावीत असे त्यात आवर्जून सांगितले होते. त्या काळी खोटी बातमी पसरण्यास निदान एक दिवस लागत असे. आज खोटे छायाचित्र, खोटा आवाज, खोटी चित्रफीत घटकेत तयार होते आणि घटकेत घराघरांतील भ्रमणध्वनीवर पोहोचते. तिच्यापायी शेजारी शेजाऱ्यावर संशय घेऊ लागतो. अशा वेळी ‘थांबा, हे कोणी पाहिले, केव्हा पाहिले, मी जाऊन विचारून येतो’ असे म्हणणारा एक तरुण किंवा तरुणी प्रत्येक गावात असणे किती आवश्यक आहे, हे आम्ही वेगळे सांगावयास नको. तसा स्वभाव आपल्या मुलात दिसत असेल, तर त्याला या वाटेने जाऊ द्यावे. आजीला मात्र सरळ सांगावे की पगार देणारे आहेत, पण पहिली काही वर्षे तो थोडा असेल. आणि तेवढ्या काळाची तजवीज घराने मिळून, मुलाला समोर बसवून, आधीच करून ठेवावी.